क्षमेची ओळ

इस्तरबाई प्रार्थना करताना डोळे मिटत नसत.

बदनापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून दोन किलोमीटर आत, एका बियाणे कंपनीचं चौदा एकरांचं शेत आहे. तिथं नोकरीला लागलो त्या पहिल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात सकाळी सव्वासहालाच फाटकात हजर झालो, तर माझ्याआधी एक बाई येऊन उभी. कपाशीच्या शेवटच्या तासाच्या, म्हणजे ओळीच्या, पलीकडं, बोअरच्या पेटीजवळ. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर, दोन्ही हात मोकळे सोडलेले. मान वर करून ती आभाळाकडं बघत बोलत होती. मला वाटलं, पावसाचा अंदाज घेत असेल. मीही वर पाहिलं. वर ढगाचा ठिपकाही नव्हता.

त्या आमच्या क्रॉसिंगच्या बायांच्या मुकादम होत्या. हजेरीपटावर ‘एस्तेर यशवंत पाटोळे’ असं नाव होतं, पण एस्तेर म्हणायला कुणाची जीभ वळत नसे, म्हणून अख्खं शेत त्यांना इस्तरबाई म्हणायचं. कपाशीचं क्रॉसिंग, म्हणजे संकर, हे नखाचं काम. दुपारी, उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि आतले पुंकेसर एका फिरकीत काढून टाकायचे, मधली दांडी तेवढी ठेवायची आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून त्या दांडीवर नर फूल फिरवायचं. दांडीला नख लागलं की कळी गेली. पहिल्या दिवशी माझ्या हातून विसातल्या अठरा गेल्या. इस्तरबाईंनी माझा हात हातात घेऊन अंगठा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “सायेब, ह्यो अंगठा लिव्हायच्या कामाचा हाय. तुमी वही सांभाळा.”

आठेक दिवसांनी मी धीर करून विचारलं, “मावशी, प्रार्थनेला डोळे मिटत्यात ना?”

“लोकं मिटत्यात. त्यानं वर बघून केल्ती. मी काय त्याच्याहून शहाणी हाय का?”

‘त्यानं’ म्हणजे येशूनं. इस्तरबाई त्याचं नाव फारसं घेत नसत. घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसं ‘त्यानं’, ‘त्याला’ एवढंच म्हणायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. वडील रोज संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायचे, ते ऐकून ऐकून येशूच्या चरित्राची चारही शुभवर्तमानं त्यांच्या डोक्यात बसली होती, आणि आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांना त्यांच्याकडं एकच प्रश्न तयार असे: त्यानं कसं केल्तं?

त्यानं पहाटे, कुणी उठायच्या आत, एकट्यानं रानात जाऊन प्रार्थना केली. म्हणून इस्तरबाई सगळ्यांच्या आधी येऊन बोअरच्या पेटीजवळ उभ्या राहायच्या. त्यानं सांगितलं की उगाच बडबडू नका, बापाला सगळं माहीत आहे. म्हणून त्यांचं सगळं पाच मिनिटांत आटपायचं. “आमच्या पाळकसायबाची अर्धा अर्धा घंटा चालती,” त्या चर्चमधल्या धर्मगुरूंबद्दल म्हणायच्या. “देव काय बहिरा हाय का?” आधी त्या आपल्या शब्दांत एका माणसासाठी मागायच्या. रोज एकच माणूस, नाव घेऊन. मग प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायच्या. येशूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना सगळी मिळून आठ-दहा ओळींची. सकाळच्या शांततेत ती अर्ध्या शेताला ऐकू जायची. चार वर्षं रोज ऐकून मला ती पाठ झाली. मी हिंदू, पण आजही मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तर मी ती न चुकता म्हणेन.

बाकीच्या बाया त्यांच्याकडं मागणी नोंदवायच्या. चंद्रकला नावाची एक होती, तिचा नवरा प्यायचा. ती भांगलता भांगलता ओरडायची, “इस्तरबाई, उद्या माझ्या मालकाचं सांगा बरं तुमच्या देवाला!”

“सांगते. पण त्याला म्हैत हाय.”

“म्हैत हाय तर मंग करीत कामून न्हाई?”

“ते मी बी त्याला इचारून राह्यले,” इस्तरबाई शांतपणे म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या.

त्या साध्वी वगैरे नव्हत्या. मिश्री लावायच्या, जीभ तिखट होती, आणि राग आला की आवरायचा नाही. एकदा मजूर आणणारा ठेकेदार एका तरण्या पोरीला काहीतरी वंगाळ बोलला. इस्तरबाई हातातलं खुरपं घेऊन त्याच्या मागं थेट फाटकापर्यंत धावल्या. तो मोटारसायकल सुरू करून पळाला, त्याची चप्पल मागं राहिली. मी म्हटलं, “मावशी, हे कुठल्या शास्त्रात बसतंय?” त्या धापा टाकत म्हणाल्या, “देवळातल्या बाजारकऱ्यांवर त्यानं चाबूक घेतल्ता. खुरपं बारकं हाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरजवळ नाव घेतलं ते त्या ठेकेदाराचं. मी कान देऊन ऐकलं.

आणि त्यांची भाकरी. दुपारी लिंबाखाली सगळे जेवायला बसले की त्या भाकरी दोन्ही हातांत धरायच्या, वर बघून दोन शब्द बोलायच्या, मग ती मोडून पहिला अर्धा तुकडा शेजारच्याला द्यायच्या. शेजारी कोण आहे हे बघायच्याही नाहीत. “त्यानं आधी मोडून दिली, मंग खाल्ली,” एवढंच. माझ्या पहिल्या दिवशी शेजारी मी होतो. इथं मला खरं सांगितलं पाहिजे. मी कुंभार पिंपळगावकडचा, घरची शेती असलेला. आमच्या घरी कामाला येणाऱ्या काही लोकांचे चहाचे कप गोठ्याच्या वळचणीला वेगळे ठेवलेले असत. ते कप मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि त्यावर कधी विचार केला नव्हता. इस्तरबाईंनी तुकडा पुढं केला तेव्हा माझा हातच उचलला नाही. “पोट भरलंय, मावशी,” मी म्हणालो. माझा डबा तेव्हा उघडायचाच होता.

त्यांनी तुकडा शांतपणे फडक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं केला. मी पुन्हा काहीतरी बोललो. असं महिनाभर चाललं. त्या रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही, दुसऱ्या बाजूला सरकून बसल्या नाहीत. रोज अर्धी भाकरी माझ्यापुढं यायची. शेवटी एक दिवस मी ती घेतली आणि खाल्ली. तिला ठेचा लावलेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यामुळं, असं मी चंद्रकलेला सांगितलं.

त्यांचे मालक फार पूर्वी गेले होते. एकुलती एक मुलगी, सारा. ती परतूरच्या पुढं आष्टीला दिली होती. जावई योहान गवंडीकाम करायचा. निर्व्यसनी, कष्टाळू पोरगा. लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, रिबका. इस्तरबाईंच्या पिशवीत तिचा एक फोटो असायचा, कुठल्यातरी जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, मागं कागदाचं चंद्र-विमान. महिन्याला एकदा तो सगळ्या बायांच्या हातून फिरायचा. फोटोला माती लागायची, त्या पदरानं पुसायच्या.

भाद्रपदाचा महिना होता, क्रॉसिंग जोरात. दुपारी दोनच्या सुमारास शेडमध्ये टांगलेल्या पिशवीत त्यांचा फोन वाजला. मीच नेऊन दिला. आष्टीहून साराची शेजारीण बोलत होती. तिचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. “आत्या, तुमची सारा सहा दिवसांपून तापानं फणफणली हाय. दवाखान्यात न्हेईनात हे लोक. नुसती प्रार्थना करून राह्यले. तुमी जल्दी या.”

इस्तरबाईंनी हातातल्या कळीवर टोपी घातली, आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी मोटारसायकल काढली.

बदनापूरहून आष्टी जवळ नाही. तीन तासांत त्या एकदाच बोलल्या, परतूरच्या फाट्यावर. “सायेब, मला सांगितलं कामून न्हाई?” मी वेग वाढवला.

योहानच्या घरात चार माणसं गोल करून गुडघ्यांवर बसली होती. मधे खाटेवर सारा. वर्षभरापूर्वी योहान एका प्रार्थनेच्या मंडळात जायला लागला होता, गावोगाव फिरणारं, नाव-पत्ता नसलेलं मंडळ. त्यांचं म्हणणं, औषध घेतलं तर विश्वास कच्चा ठरतो. योहानचा विश्वास कच्चा नव्हता. तो सहा दिवस उपाशी होता. त्याचे ओठ फुटले होते, गुडघे सोलवटले होते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्याचं आपल्या बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. कोपऱ्यात दोन वर्षांची रिबका चमच्यानं जमिनीवर वाजवत बसली होती.

इस्तरबाई त्या गोलात घुसल्या आणि साराच्या कपाळावर हात ठेवला. दंडावर लाल ठिपके उठले होते. “उठा,” त्या म्हणाल्या. “गाडी बघा कुणाची.”

“आई, थांबा,” योहान म्हणाला. त्याचा आवाज पार बसलेला. “आज सातवा दिवस. आज उतार पडणार. आता औषध दिलं तर सगळं वाया जाईल. तुमीच तर म्हणता, त्यानं नुसता शब्द टाकला अन लोक बरे झाले.”

“अन आंधळ्याला?” इस्तरबाई ओरडल्या. त्यांचा आवाज तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. “आंधळ्याला काय केल्तं त्यानं? भुईवर थुकला, चिखल केला, अन डोळ्याला लावला! त्ये औषधच व्हतं की रे! त्याला बी मातीत हात घालावा लागला, अन तू हातावर हात ठिवून बसला?”

चारपैकी एक जण काही बोलायला लागला. इस्तरबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि तो बाजूला सरकला. शेजाऱ्याची जीप मिळाली. योहान मागच्या सीटवर बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसला. आम्ही जालन्याच्या दवाखान्याकडं निघालो. मला वाटतं, एसटी डेपोच्या चढावर कुठंतरी आपलं काय चुकलं ते त्याला कळलं असावं.

सारा दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टर तरुण होता, स्वतःच खचलेला. “दोन दिवस आधी आणलं असतं तर...” एवढं बोलून त्याला आपली चूक कळली आणि तो थांबला. पण ते वाक्य इस्तरबाईंनीही ऐकलं होतं आणि योहाननंही.

दहाव्या दिवशी त्या कामावर आल्या. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. त्या बोअरच्या पेटीजवळ उभ्या होत्या, नेहमीसारख्या, मान वर. आधी कुणाचंच नाव घेतलं नाही. मग प्रभूची प्रार्थना सुरू केली. रोजच्या भाकरीची ओळ आली. तिच्यानंतरची ओळ क्षमेची असते: आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. तिथं त्या थांबल्या. मला वाटलं हुंदका असेल. पण हुंदका नव्हता. त्या तेवढा वेळ थांबल्या जेवढा वेळ ती ओळ म्हणायला लागतो, आणि तिच्यापुढच्या ओळीपासून प्रार्थना पुरी केली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. दसरा, दिवाळी झाली. कापसाची बोंडं फुटली. रोज सकाळी ती ओळ आली की शेतात तेवढी शांतता पडायची. ज्यांना प्रार्थना ठाऊक नव्हती त्यांना काही कळत नसेल. मी मात्र ती जागा आली की हातातलं काम थांबवायचो. आज म्हणतील का? दिवसभर एखादा दात दुखावा तशी ती शांतता माझ्यासोबत असायची.

नाताळच्या आसपास मी विचारलं. आम्ही दोघं शेडमध्ये बियाण्याच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होतो.

“मावशी, ती ओळ तुम्ही सोडता.”

त्यांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला. “तुमाला म्हैत हाय का ती?”

“पाठ आहे.”

त्यांनी दोरा खाली ठेवला. “मंग सांगा सायेब, खोटं बोलू का त्याच्यापुढं? बाकी कुणापुढं बी बोलंन. पाळकसायेब म्हणले, इस्तरबाई, तोंडानं म्हणत ऱ्हावा, मन मागून येईल. मी म्हणलं, मन आलं की म्हणते. तवर त्याला कळू द्या की माझ्याकडं न्हाई.”

“बाकीची प्रार्थना तरी कशी जमते?” हे विचारायला नको होतं, पण मी विचारलं.

“त्याला तरी कुठं मिळालं?” त्या म्हणाल्या. “त्याला धरलं त्याच राती बागेत पालथा पडून त्यानं तीनदा मागितलं, हे माझ्यावरून टळू दे. टळलं न्हाई. मी बी त्या दवाखान्याच्या जिन्यात शंभरदा मागितलं. मंग क्रूसावर तो काय म्हणला? मला का सोडलंस, म्हणला. ती बी त्याचीच प्रार्थना हाय की न्हाई? ती मी रोज म्हणते. मनातल्या मनात म्हणते, तुमी लोक ऐकता म्हणून.”

मग त्या रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. हातातली चिठ्ठी भिजली, शाई पसरली, त्यांनी ती फेकून दुसरी मागितली.

रिबका बापाजवळ आष्टीलाच होती. योहानची आई तिला सांभाळायची. इस्तरबाई त्या घराची पायरी चढायला तयार नव्हत्या, आणि योहानला इकडं यायचं तोंड नव्हतं. फोटो पिशवीतच राहिला. बायांच्या हातून तो पुन्हा कधी फिरला नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा क्रॉसिंगच्याच दिवसांत, दुपारी फाटकातून एक माणूस आत आला. बोटाला चार वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही. योहान अर्धा झाला होता. मंडळ त्यानं कधीच सोडलं होतं, गवंडीकाम सोडलं होतं, जालन्यात भाड्याची रिक्षा चालवत होता. इस्तरबाई तासात उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा कळीला हात घातला. योहान दोन हातांवर येऊन उभा राहिला. आजूबाजूच्या बाया एकेक करून दुसऱ्या तासांत गेल्या. मी टोप्यांची टोपली धरून तिथंच राहिलो. मला जायचं सुचलं नाही.

“आई,” तो म्हणाला, “मला प्रार्थना येईना. दोन वर्सं झाली. तोंड उघडलं की सारा दिसते. तुमी एकदा म्हणा की माफ केलं. बाकी कायबी नको मला. तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की मी जातो.”

इस्तरबाईंचं नख चालूच होतं. एक कळी, दुसरी, तिसरी. तिसऱ्या कळीची दांडी तुटली. त्यांच्या हातून दांडी तुटलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

“जमत न्हाई, योहान,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मी लई करून पाह्यलं. तू वाईट न्हाईस, मला कळतं. तू बी तिच्यासाठीच बसल्ता. समदं कळतं. पण रोज सकाळी तितं आले की माझी जीभ लाकूड होती.”

योहाननं मान खाली घातली. तो वळला. मुलीचा हात धरून चार पावलं गेलाही.

“थांब,” इस्तरबाई म्हणाल्या. त्या आभाळाकडं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखा भाव होता. मी तो विसरणार नाही. “थांब रे. क्रूसावर त्यानं काय म्हणलं? खिळे ठोकणारे समोर हुबे होते. ‘मी तुमाला माफ केलं’ असं म्हणला का तो?”

योहानला काही कळेना. “न्हाई... बापा, ह्यांना क्षमा कर, असं म्हणला.”

“बापा, तू कर, म्हणला.” त्या हळू बोलत होत्या, जणू स्वतःलाच. “मी केली, असं न्हाई म्हणला. त्याच्या हातात खिळा होता तवा. कुणाला ठावं, त्याला बी तेवढ्या वेळात जमलं नसंल. बापावर टाकलं त्यानं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मंग मी बी टाकते. माझ्याच्यानं होईना, तर त्याला करू दे. तुझं नाव घेऊन मागते. एवढंच हाय माझ्याजवळ, बाबा. न्यायचं असंल तर ने.”

योहान मातीत बसला आणि ओंजळीत तोंड धरून रडला. इस्तरबाईंनी त्याला उठवलं नाही. त्या रिबकाजवळ गेल्या, खाली बसल्या, आणि आपल्या हातातली लाल टोपी तिच्या बोटावर घालून दिली. मुलगी त्यांना ओळखत नव्हती. तिनं बोट मागं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या ओळीनंतर शांतता पडली नाही. त्या जागी इस्तरबाईंचा आवाज आला: “बापा, योहानला तू क्षमा कर. मला जमत न्हाई.” मग पुढची ओळ. तेव्हापासून रोज तसंच. मूळ ओळ त्यांनी कधीच म्हटली नाही. रविवारी योहान रिबकाला त्यांच्या दारात सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. तो ओट्यावर बसायचा; पाणी मिळायचं. त्यापलीकडं दोघांत बोलणं नसे.

मग इस्तरबाईंची किडनी गेली. बरीच वर्षं साखर होती, कुणी तपासली नव्हती. पायाला सूज आली तरी त्या तासात उभ्या राहत होत्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, जालन्याला डायलिसिससाठी जावं लागेल असं ठरलं. कसं जायचं हा प्रश्न होता. पहिल्या मंगळवारी पहाटे दारात रिक्षा उभी. योहाननं काही विचारलं नव्हतं, पाळकांकडून त्याच्या कानावर गेलं होतं.

“तू कामून आला?” इस्तरबाईंनी विचारलं.

“रिक्षा हाय माझ्याजवळ,” तो म्हणाला.

त्या बसल्या. त्यानंतर आठ महिने तो येत राहिला, एक खाडा नाही. जालन्याहून वीस किलोमीटर येणं, त्यांना घेऊन जाणं, चार तास बाहेर थांबणं, परत आणून सोडणं. मीही जमेल तसा दवाखान्यात जायचो. तिथं एकदा चहा पिताना योहाननं मला सांगितलं, “सर, मी पाच-साडेपाचला पोचतो. लांबूनच रिक्षा बंद करतो, आवाज नको म्हणून. त्या दारात हुब्या राहून प्रार्थना करत असत्यात. माझं नाव येतं. मग त्यांना जमत न्हाई म्हणत्यात. ते झालं की मी हाक मारतो, आई, चला.”

“दर वेळी ऐकतोस? वाईट वाटत नाही?”

त्यानं कपातला चहा थोडा वेळ हलवला. “नाव तर घेत्यात ना, सर.”

हे मी इस्तरबाईंना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “मावशी, काही फरक पडला का?” त्या खाटेवर आडव्या होत्या, हाताला नळ्या, यंत्र घरघरत होतं. “न्हाई,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं डोळे न उघडता पुढं म्हणाल्या, “आता ‘अजून जमत न्हाई’ असं म्हणते. अजून हा शब्द घातलाय. खोटं न्हाई ना होत त्यात?”

“नाही, मावशी.”

“बराबर हाय मंग.”

थंडी संपता संपता त्या गेल्या. मी दफनाला होतो, खांदाही दिला, पण त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा मंगळवार.

दुपारचे अडीच-तीन वाजले असतील; त्या दिवशी त्यांचा नंबर उशिरा लागला होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डायलिसिस झालं होतं, आणि इस्तरबाई बाहेरच्या व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर बसल्या होत्या. शेजारी योहान. त्या गुंगीत होत्या. बसल्या जागी त्यांना झोप लागली होती आणि मान कलंडून योहानच्या खांद्यावर आली होती. पदर सरकला होता, तोंड किंचित उघडं. योहान ताठ बसला होता, श्वासही जपून घेत होता. मला वाटतं, त्या स्वतःहून इतक्या जवळ त्याच्या कधी आल्या नव्हत्या, आणि ही जवळीकही झोपेतली होती, हे त्याला कळत होतं.

फाटकावर वॉचमन ओरडत होता, “ओ, ही रिक्षा कोणाची? ॲम्ब्युलन्सला वाट द्या! रिक्षा कोणाची?”

योहाननं माझ्याकडं पाहिलं. बोलला असता तर खांदा हलला असता. त्यानं नुसते डोळे खाली करून आपल्या शर्टाच्या खिशाकडं दाखवलं. मी वाकून, त्यांना धक्का लागणार नाही असं, दोन बोटांनी खिशातली किल्ली काढली, बाहेर गेलो आणि रिक्षा भिंतीकडं लावली. वॉचमन मला बरंच बोलला. मी ऐकून घेतलं.

परत आलो तर दोघं तसेच होते. ऊन सरकून बाकावर आलं होतं, सरळ योहानच्या तोंडावर. त्याच्या गालावर एक माशी बसली होती, डोळ्याच्या कडेकडं चालत होती. त्यानं हात उचलला नाही.